ज्याच्यासाठी फोन आला नाही

जहाजांच्या कंपनीत नोकरी केली असं सांगितलं की लोकांना माझ्या तोंडून वादळं आणि बेटं ऐकायची असतात. त्यांची निराशा करणं माझ्या जिवावर येतं, पण मला बोट लागते. बर दुबईहून पलीकडे देऱ्याला जायचं तरी मी खाडीतल्या होडीत बसत नाही, टॅक्सी करतो. माझा समुद्राशी संबंध आला तो टेलिफोनवरून. कोणत्या बोटीवर कोणता माणूस जाणार हे ठरवणं माझं काम होतं. त्याला धंद्यात क्रूइंग म्हणतात, आणि ते काम करणाऱ्याला खलाशी पाठीमागे जे म्हणतात ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आमच्या बोटी म्हणजे मोठी मालवाहू जहाजं नव्हेत. सप्लाय बोटी. समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणी, डिझेल, पाइप, भाजीपाला नेऊन द्यायचा आणि तिथला कचरा परत आणायचा. पाण्यावरचे टेम्पोच म्हणा ना. बोटीवर कॅप्टन, त्याच्या हाताखाली मेट, इंजिनवाले, खलाशी आणि एक स्वयंपाकी. काही महिने बोटीवर, काही महिने घरी, असं चक्र असतं. घरी जायच्या वेळी बदलीचा माणूस आला नाही तर आधीचा तिथेच अडकतो. त्यामुळे आमच्या ऑफिसातल्या भिंतीवर एक मोठा पांढरा फळा होता. वर बोटींची नावं आणि खाली लोहचुंबकाच्या चकत्या, प्रत्येक चकतीवर एका माणसाचं नाव. चकती उचलून दुसरीकडे लावली की माणूस समुद्र बदलायचा. हे सगळं वातानुकूलित खोलीत, चहा पीत पीत चालायचं.

मग लढाई आली. आमच्याकडे ती आधी टीव्हीवर आली, नंतर विम्याच्या हप्त्यात आणि शेवटी एका परदेशी नौदलाच्या कंत्राटाच्या रूपाने थेट ऑफिसात. त्यांच्या युद्धनौकांना लढाईच्या पाण्यात जाऊन डिझेल, पाणी आणि भाजी पोचवायची. युद्ध कितीही आधुनिक झालं तरी लढणाऱ्याला कांदा लागतो. आमच्या बोटीवर हत्यार म्हणाल तर स्वयंपाक्याची सुरी. अशी एक बोट आम्ही त्या कामाला लावली, आणि तिच्यावर कोण जाणार हा प्रश्न आमच्या फळ्यावर येऊन पडला.

इथे एक नियम सांगायला हवा. युद्धाच्या पाण्यात जायला खलाशी नाही म्हणू शकतो. त्याला विचारावं लागतं, त्याची सही घ्यावी लागते, आणि तो गेला तर मूळ पगार दुप्पट द्यावा लागतो. नियम अतिशय माणुसकीचा आहे. नाही म्हणणाऱ्याला कोणी कामावरून काढत नाही. फक्त चालू कंत्राट संपलं की त्याचं पुढचं कंत्राट कुठेतरी अडकतं, आणि ते का अडकलं हे कंपनीत कोणालाच ठाऊक नसतं.

माणसं निवडायला तिघांची कमिटी नेमली. एक मी. दुसरा कॅप्टन व्हिन्सेंट लोपीस, वसईचा, आमचा मरीन सुपरिंटेंडंट, म्हणजे बरीच वर्षं समुद्रावर काढून आता किनाऱ्यावर बसून बोटींची देखरेख करणारा. तिसरा एचआरचा फादी, मूळचा बैरूतचा. त्याला बोटीतलं काही कळत नव्हतं, पण वरून आलेला आवाज त्याला लगेच कळायचा. बर दुबईत अल मनखूलला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी आमच्या कमिटीला ‘भरती बोर्ड’ असं नाव ठेवलं. जुन्या लढायांत म्हणे गावोगावी अशी बोर्डं असायची. कोणाचा मुलगा आघाडीवर जाणार आणि कोणाच्या मुलाला नेमका तेव्हाच दमा होणार, हे गावातली चार प्रतिष्ठित माणसं ठरवायची. आमच्या बोर्डावर प्रतिष्ठित कोणी नव्हतं, एवढाच फरक होता.

आणि मग फोन सुरू झाले. पहिला मान अर्थातच आमदारांचा. म्हणजे त्यांच्या पीएचा.

“पाटणकरसाहेब ना? नमस्कार. साहेबांनी आठवण काढलीये तुमची.”

साहेबांनी मला जन्मात पाहिलेलं नव्हतं, तरी आठवण काढली म्हणून मी भारावलो. साहेबांचा भाचा रोहित आमच्याकडे मेट होता.

“त्या नेव्हीच्या बोटीवर डबल पगार आहे म्हणे. म्हणजे आपल्या रुपयात बघा किती होतात. आमच्या रोहितला घ्या की तिकडं.”

“घेतो. त्याची सही लागेल.”

“सही काय, साहेबांचा शब्द आहे.”

मी रोहितची चकती नेव्हीच्या बोटीखाली लावली. त्या आठवड्यात टीव्हीवर कुठल्यातरी जळत्या जहाजाचं चित्र दिवसभर दाखवलं. जहाज आमचं नव्हतं, समुद्रही वेगळा होता, पण धूर चांगला आला होता. पीएचा लगेच फोन.

“पाटणकर, आमच्या पोराला मरायला पाठवताय काय तुम्ही?”

“अहो, तुम्हीच म्हणालात ना?”

“ते वेगळं. तेव्हा वातावरण वेगळं होतं. त्याला बंदरातल्या बोटीवर टाका.” मग थोडं थांबून, आवाज खाली आणून: “डबल पगार राहील ना तेवढा?”

रोहित बंदरातल्या बोटीवर गेला, डबल पगारासकट. हा फोन वाटाघाटीचा होता. बाकीचे वैद्यकीय असायचे. ज्यांच्यामागे कोणी वजनदार माणूस होता त्यांची प्रकृती त्या काळात फार ढासळली. एका नगरसेवकाच्या पुतण्याला रक्तदाब झाला. एका बँकेच्या संचालकाचा जावई पाठीच्या मणक्याने अंथरुणाला खिळला, आणि त्याच आठवड्यात शारजात आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट सामन्यात त्याने षटकार मारला. त्याचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आला. मी तो लोपीसला दाखवला. त्याने चष्मा लावून नीट पाहिला.

“खांदा काय सुंदर उघडलाय,” तो म्हणाला. “मणका सरकल्यावर मला पण असं खेळता आलं असतं तर काय पाहिजे होतं.”

आपलीच माणसं असं करतात असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. फादीकडे दुसऱ्या देशांचे फोन यायचे. ते अरबीत असल्यामुळे ऐकायला जास्त गोड वाटायचे, मागणी तीच असायची. फोन संपला की तो हात झटकून म्हणायचा, “हबीबी, खलास. टेक हिम ऑफ.” आणि मी चकती काढायचो. जेवताना, अंघोळीला जाताना, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये, कुठेही फोन यायचे. मुलगी एकदा मला म्हणाली, “बाबा, यू आर बेसिकली अ कॉल सेंटर.” मी तिला मराठीत बोल म्हणून रागावलो, कारण मुद्दा बरोबर होता.

बोटीवरच्या जागा मात्र फोनने कमी होत नाहीत. मेट एक लागतो म्हणजे एक लागतोच. शेवटी त्या जागेवर पुन्हा पुन्हा एकच चकती दिसायला लागली, ती दिनेश चोगलेची.

दिनेश हर्णैचा. वडील मासेमारी करणारे, हा शिकून मेट झालेला. शारजात अल नहदाला कंपनीच्या फ्लॅटमध्ये इतर चौघांबरोबर राहायचा. दोन फेऱ्या तो त्या पाण्यात करून आला होता. दुसऱ्या फेरीत रात्री बोटीच्या पुढे काहीतरी पाण्यात पडून फुटलं होतं. रिपोर्टमध्ये त्याने एवढंच लिहिलं होतं की नुकसान नाही. तिसऱ्या फेरीच्या सहीसाठी मी त्याला बोलावलं. समोर चहा आला. त्याने कप उचलला आणि परत ठेवला, कारण चहा बशीत सांडत होता. मग दोन्ही हातांनी धरून प्यायला.

“तब्येत बरी आहे ना रे?” मी विचारलं.

“बरी आहे सर. एवढंच, आवाज झाला की असं होतं. दरवाजा आपटला तरी.”

“घरी सांगितलंस?”

“नाही. तिला सातवा महिना लागलाय. मी तिला अबुधाबीला गाळ काढायच्या बोटीवर आहे म्हणून सांगितलंय.”

“मग नाही म्हण. नियम आहे तसा.”

तो माझ्याकडे बघून हसला. उद्धटपणे नाही, कीव आल्यासारखा. “सर, नियम तुम्हाला माहीत आहे, मला पण माहीत आहे. पुढचं कंत्राट कोण देणार? बाकी सगळ्यांसाठी कोणी ना कोणी फोन करतं. माझ्यासाठी कोण करणार?”

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी फोनांना हसत होतो. आता हा माणूस फोन नाही म्हणून जाणार होता, आणि अशा हातांनी बोट चालवताना तो स्वतःही मेला असता आणि दहा जणांना घेऊन गेला असता. मी त्याची सही घेतली नाही, दोन दिवसांनी ये म्हणून सांगितलं. लोपीसला जाऊन म्हटलं, “फादी आपलं ऐकणार नाही. त्याला फक्त वरचा आवाज ऐकू येतो. ह्या पोरासाठी एक फोन आणला पाहिजे.”

“कुठून आणणार? बाजारात मिळतो?”

“मिळतो,” मी म्हटलं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष सुहासराव. केटरिंगचा मोठा धंदा, दुबई मरीनाला उंचावरचा फ्लॅट, आणि दिवाणखान्यात प्रत्येक पक्षाच्या नेत्याबरोबर एकेक फोटो. काही नेत्यांनी मधल्या काळात पक्ष बदलले होते, पण सुहासरावांनी फोटो हलवले नव्हते. भिंत तीच, म्हणून निभावून जायचं. शुक्रवारी दुपारी मी तिथे गेलो. खाली पांढऱ्या यॉट उभ्या होत्या. सुहासरावांनी चिवडा पुढे केला.

“सुहासराव, लोक बोलायला लागलेत,” मी म्हटलं.

“काय?”

“की भरती बोर्डावर आमदारांचा फोन चालतो, नगरसेवकांचा चालतो. अध्यक्षांचा काही चालत नाही.”

“कोण म्हणतं? मी अजून कोणासाठी केलाच नाही.”

“तेच तर. लोकांना वाटतं, चालत नाही म्हणूनच करत नाहीत.”

सुहासरावांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. मी दिनेशबद्दल सांगितलं.

“मंडळाचा सभासद आहे?”

“नाही.”

“वर्गणी?”

“कधीच नाही.”

“मग माझा काय संबंध, पाटणकरसाहेब?”

“सभासदासाठी कोणीही फोन करील. जो कोणाचाच नाही त्याच्यासाठी अध्यक्षच करू शकतात.”

हे वाक्य मी टॅक्सीत पाठ करून गेलो होतो. सुहासराव उठले, काचेपाशी जाऊन उभे राहिले आणि भाषणाला उभं राहिल्यासारखा त्यांनी शर्ट खाली ओढला. मग म्हणाले, “तुमच्या फादीच्या मोठ्या साहेबाकडे दर गुरुवारी माझी बिर्याणी जाते. यल्ला, बघूच कोणाचा फोन चालतो.”

रविवारी कमिटी बसली. पाच मिनिटांत फादीचा फोन वाजला. तो उठून उभा राहिला, म्हणजे वरूनच होता. “यस सर. ऑफ कोर्स, सर. दिनेश, सर.” फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. “हबीबी, धिस दिनेश इज सम बिग मॅन? खलास. टेक हिम ऑफ.”

मी दिनेशची चकती काढली. एवढ्या वर्षांत कुठलीही चकती काढताना मला इतका आनंद झाला नव्हता. हर्णैच्या कोळ्याच्या मुलासाठी मी दुबई मरीनाहून वशिला आणला होता, आणि तो आमदाराच्या वशिल्याइतकाच सुरेख चालला होता. माझ्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो. तेवढ्यात फादी फळ्याजवळ गेला आणि रिकाम्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाला, “सो? हू गोज?”

बोट परवा सुटायची होती. फादीचं बोट एकेका चकतीवरून सरकू लागलं. रक्तदाब. मणका. भाचा. बहिणीचं लग्न, त्यासाठी खासदारांचं पत्र. शेवटी बोट थांबलं ते हारुनच्या चकतीवर. हारुन चितगावचा, चाळिशीचा मेट, वर्षभर घरी गेलेला नव्हता आणि पुढच्या आठवड्यात जाणार होता.

“धिस वन? नो कॉल?” फादीने विचारलं.

“नो कॉल,” मी म्हटलं.

म्हणताना माझाच आवाज मला ऐकू आला. मी एका माणसाला फोन मिळवून दिला होता, म्हणजे फोन नसलेला दुसरा माणूस शोधून दिला होता. आता हारुनसाठी कोणाच्या घरी चिवडा खायला जायचं ते मला सुचेना.

फादीने हारुनची चकती उचलली. लोपीस उठला, शांतपणे त्याच्या हातातून ती घेतली आणि होती तिथे परत लावली. मग ड्रॉवरमधून एक कोरी चकती काढली, मार्करने तिच्यावर ‘लोपीस’ लिहिलं आणि रिकाम्या चौकोनात ठेवली.

“माझं लायसन अजून चालू आहे,” तो म्हणाला. “मेडिकल पण आहे. कॅप्टन मेटच्या जागी जाऊ शकतो, नियम बघ.”

“वेड लागलंय का तुला? अठ्ठावन्न वर्षांचा आहेस तू.”

“मग काय झालं? मेटला काय करायचं असतं, कांदे मोजायचे. आणि पाटणकर, बोर्डावर बसलेल्या माणसासाठी फोन कोण करणार? हीच एक चकती आहे जी कोणी काढायला सांगणार नाही.”

ह्यात तो चुकला. संध्याकाळी मला फोन आला, त्याच्या बायकोचा, फिलोमिनाचा. पंचवीस वर्षांची ओळख, पण तिने मला कामासाठी कधी फोन केला नव्हता.

“पाटणकर, तुम्ही म्हणे फोनवर माणसं सोडवता.”

मी फोन घेऊन गॅलरीत गेलो.

“मग हा माझा फोन समजा,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी लोपीसला सांगितलं. रागावलो, हात जोडले. तो बॅग भरत होता. म्हणाला, “तिला सांग, लाइन बिझी होती.” त्या सगळ्या महिन्यांत आलेल्या फोनांपैकी हा एकच मला मनापासून ऐकायचा होता, आणि तोच चालला नाही. बंदरावर त्याला सोडायला गेलो तेव्हा दिनेश आला होता. तो लोपीसच्या पाया पडायला वाकला. लोपीस म्हणाला, “अरे, माझ्या पाया काय पडतोस, घरी जा. तिला खरं सांग आधी.”

त्या फेरीत बोटीच्या जवळ काहीतरी फुटलं. काय होतं, कोणाचं होतं, हे कोणत्याच बाजूने कबूल केलं नाही, त्यामुळे अधिकृतपणे काही झालंच नाही. जे झालं नाही त्यात ब्रिजच्या, म्हणजे बोट चालवायच्या खोलीच्या, डाव्या बाजूच्या सगळ्या काचा गेल्या आणि लोपीसचा डावा कान गेला. बाकी माणसं धडधाकट परत आली. डॉक्टर म्हणाले, ह्या कानाने आता काही ऐकू येणार नाही. दिनेशला मुलगी झाली तेव्हा तो हर्णैला होता. परत येताना लोपीससाठी त्याने सुकवलेल्या कोलंबीच्या सोड्यांची मोठी पिशवी आणली. फिलोमिनाने ती घेतली, त्याला जेवायला बसवलं, आणि माझ्याशी मात्र ती नाताळपर्यंत बोलली नाही.

गणपतीत मंडळाने सुहासरावांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि ‘संकटकाळी मराठी माणसाच्या पाठीशी’ असं लिहिलेलं मानपत्र. सुहासरावांनी भाषणात सांगितलं की त्यांनी फक्त एक फोन केला आणि एक जीव वाचला. टाळ्या झाल्या. लोपीस माझ्या उजवीकडे बसला होता, म्हणजे त्याचा डावा कान माझ्याकडे होता. तोही टाळ्या वाजवत होता. मी त्याच्या कानाशी लागून म्हटलं, “ऐकलंस का, कोणी वाचवलं ते?” त्याने नुसतीच मान हलवली आणि वाजवत राहिला. मला हसूही आलं आणि रडूही.

लढाई चालूच होती. बोटीच्या काचा नवीन बसल्या, पुढची फेरी ठरली, कमिटी पुन्हा बसली. लोपीस नेहमीच्या खुर्चीत. हारुन घरी गेलेला, दिनेश बंदरातल्या बोटीवर. मेटचा चौकोन रिकामा होता आणि आम्ही तिघं फळ्याकडे बघत असतानाच माझा फोन वाजला. पडद्यावर आमदारांच्या पीएचं नाव होतं. भाच्याची बंदरातली मुदत संपत आली होती, त्यामुळे साहेबांनी पुन्हा आठवण काढली असणार.

मी उचलणार एवढ्यात लोपीसने हात पुढे केला. मी फोन दिला. त्याने तो व्यवस्थित, घाई न करता डाव्या कानाला लावला आणि खुर्चीत मागे टेकला. पलीकडून बोलणं सुरू झालेलं मला समोर बसून ऐकू येत होतं. लोपीस मधून मधून मान डोलवत होता.

“हो,” तो म्हणाला. “हो, हो. बरोबर आहे तुमचं. इन्शाल्ला.”

बऱ्याच वेळाने पलीकडचा आवाज थांबला. लोपीसने फोन मला परत दिला.

“व्हॉट डिड ही से?” फादीने काळजीने विचारलं.

“व्हेरी नाइस मॅन,” लोपीस म्हणाला.

मग तो उठला, रोहितची चकती उचलली आणि नेव्हीच्या बोटीखाली, आपल्या जुन्या जागेवर लावली. रोहित सहीला आला तेव्हा म्हणाला, “सर, मी पहिल्या वेळीच जायला तयार होतो, मामाच ऐकत नव्हता.” त्याने सही केली आणि गेला. साहेबांनी सांगितलं होतं तसा त्याचा डबल पगार आम्ही चालू ठेवला.